जाकिटातला रोल

मामाचा कॅमेरा दुरुस्त करायला मला कोणी सांगितलं नव्हतं, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. नंतर घरात जी चौकशी झाली तिच्यात हा मुद्दा तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा माझ्या विरोधात गेला.

झालं असं, की बाबा निवृत्त होणार होते. चौतीस वर्षं पाणीपुरवठा विभागाच्या तक्रार कक्षात बसून त्यांनी लोकांचं ऐकून घेतलं होतं. विभागातल्या मंडळींनी शनिवारी निरोप समारंभ ठरवला आणि व्यासपीठामागे लावायला बाबांचा एक मोठा फोटो मागितला. साधासुधा फोटो नाही. उडीचा.

एकवीस वर्षांपूर्वी आई, बाबा आणि मामा एका मोठ्या पोहण्याच्या तलावावर गेले होते. तिथे दहा मीटर उंचीच्या फळीवरून बाबांनी पाण्यात उडी मारली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो आणि कांजिण्या आल्यामुळे शेजाऱ्यांकडे होतो. म्हणजे ती उडी मी पाहिलेली नाही, पण तिच्या सावलीत वाढलोय. दात काढायला घाबरलो की मामा म्हणायचा, "बापानं दहा मीटरवरून उडी मारली आणि हा खुर्चीला घाबरतो." गणिताच्या पेपराला घाबरलो, तरी उडी. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालो तेव्हा तर मामानं जिन्यात गाठून आठवण करून दिली. तक्रार कक्षातही ती ठाऊक होती. एखादा नागरिक फारच आरडाओरडा करायला लागला की शिपाई त्याच्या कानात सांगायचा, "जपून बोला, साहेब दहा मीटरवाले आहेत."

तर या उडीचा फोटो मामाच्या कॅमेऱ्यात होता. अजूनही होता, कारण उडी झाली आणि थोड्याच वेळात कॅमेरा बंद पडला. रोल पुढे सरकवायचा लिव्हर अडकला, रोल मागेही फिरेना, आणि मामानं तो होता तसा कपाटावर ठेवून दिला. कॅमेरा मूळचा आजोबांचा, माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा आणि वजनाला इस्त्रीएवढा.

"मी करतो दुरुस्त," मी म्हणालो. माझ्या गाठीशी सतरा मिनिटांचा एक व्हिडिओ होता.

"कशाला उगीच," बाबा म्हणाले.

"एकवीस वर्षं झाली, रोल नासला असणार," मामा म्हणाला.

दोघंही एकाच वेळी बोलले. मी त्याला विनय समजलो. आमच्या घरात विनय फारसा नसल्यामुळे तो ओळखण्याचा सराव मला नव्हता.

रविवारी मामानं कॅमेरा आणून दिला, म्हणजे डब्यासकट टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटं डब्यावरचा हात काढला नाही. सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी तळाची पत्र्याची पट्टी काढली. तीन स्क्रू होते. दोन बशीत ठेवले. तिसरा मी सुरक्षित ठिकाणी ठेवला, आणि तो आजपर्यंत तिथे सुरक्षित आहे. व्हिडिओतला माणूस सारखा म्हणत होता की तळाची पट्टी काढली तरी रोलवर उजेड पडत नाही, मागचं दार मात्र काही झालं तरी उघडू नका. रोलला उजेड लागला की संपलं. एका क्षणात सगळे फोटो पांढरे.

मी कॅमेरा उघडलाय ही बातमी इमारतीत पसरायला सायलेन्सर काका कारणीभूत. हे आमच्या समोरच्या दारात राहतात. छापखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना सायलेन्सर म्हणतात कारण ते कायम कुजबुजतात, आणि ती कुजबूज चारही मजल्यांवर ऐकू जाते. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि अत्यंत गुप्तपणे विचारलं, "आतून आखडलाय ना?" त्यावर दुसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं की उन्हात ठेवा, सैल पडेल. तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यातूनच सुचवलं, शिवणयंत्राचं तेल सोडा. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी खास खाली येऊन, चष्मा पुसून, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बंद करून पुन्हा चालू करून बघितलंत का?"

मी सर्वांचे आभार मानले. त्यानंतर चिमट्यानं एक अगदी छोटी स्प्रिंग हलवून पाहिली आणि तिचा एक तुकडा चिमट्यात राहून दुसरा खिडकीच्या दिशेनं गेला. आई केर काढत होती. ती थांबली. "आता केर काढू की नको?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

मंगळवारी चिमट्यातला तुकडा घेऊन मी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांकडे गेलो.

"कॅमेऱ्याला मी हात लावत नाही," ते म्हणाले. "एकदा लावला होता. ते लग्न मोडलं."

"हात लावू नका. नुसतं बघा."

त्यांनी डोळ्याला भिंग लावून कॅमेऱ्याच्या पोटात पाहिलं. "हे बघा, हे कुत्रं. सायकलच्या मागच्या चाकात असतं ना, चाक उलटं फिरू देत नाही तो दात, तसलंच. त्याची स्प्रिंग आधीच मोडकी होती, तुम्ही ती पूर्ण मोडलीत. कुत्रं अडकून बसलंय."

शेजारच्या दुकानात सायलेन्सर काका बूट शिवून घेत होते. मी घरी पोचेपर्यंत तीन जणांनी मला विचारलं की कुत्रं आत गेलंच कसं.

घड्याळवाल्यांनी बुधवारी एका जुन्या गजराच्या घड्याळातली स्प्रिंग कापून, वाकवून दिली. तत्त्व सांभाळलं: कॅमेरा मी धरला, स्प्रिंग त्यांनी लांब चिमट्यानं बसवली, आणि दोघांनीही श्वास धरला. मी लिव्हर ओढला. कर्रर्र असा आवाज आला आणि तो सरळ पुढे गेला. एकवीस वर्षांनी. इतका आनंद झाला की मी तो पुन्हा ओढला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी लिव्हर एकदम हलका लागला. हातातून पतंगाचा दोरा सुटावा तसा.

"अच्छा," घड्याळवाले म्हणाले, आणि भिंग काढून ठेवलं. "आता रोल तुटला."

परिस्थिती अशी होती. जुना, कडक झालेला रोल त्याच्या नळीतून तुटून सुटला होता आणि सगळाच्या सगळा कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गुंडाळला गेला होता. आता तो नळीत परत जाणं शक्य नव्हतं. मागचं दार उघडून हातानं काढायला हवा होता, आणि तोही ठार काळोखात. कॅमेरा दुरुस्त झाला होता. कॅमेरा दुरुस्त होऊन काम मात्र वाढलं, ही गोष्ट मी घरी कोणत्या शब्दांत सांगावी याचा विचार करत सावकाश चालत गेलो.

गुरुवारी मी रजा टाकली. सकाळी न्हाणीघराच्या झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि आत बसलो. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण बाहेर आहे. मी कॅमेऱ्याच्या दाराला बोट लावणार, इतक्यात दिवा लागला.

"सवयीनं लागला," बाहेरून बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदा सुरुवात केली. पुन्हा दिवा.

"बाबा."

"अरे, सवय. चौतीस वर्षांची."

न्हाणीघरातला दिवा लावायची नोकरी ते करत नव्हते, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी जागा बदलली. व्हिडिओत एक उपाय होता. जाड जाकीट घ्यायचं, आत कॅमेरा ठेवायचा, चेन लावायची, गळा आणि तळ दुमडून चिमटे मारायचे, आणि बाह्यांतून उलटे हात आत घालायचे. मनगटांवर रबर. झाली काळोखी खोली. घरात जाड जाकीट एकच, बाबांचं, विभागानं दिलेलं, निळं, पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत "पाणीपुरवठा विभाग". आईनं कपड्यांचे सगळे चिमटे दिले आणि दोन्ही मनगटांवर रबर चढवले. मांडीवर जाकीट, आत हात, अशा अवस्थेत मी दिवाणखान्यात बसलो. सायलेन्सर काका खुर्ची घेऊन आले.

चाचपडत मी मागचं दार उघडलं. रोल बोटांना लागला. कडेनं धरून हळूहळू सोडवला. अख्खा निघाला. घट्ट गुंडाळी करून उजव्या मुठीत धरली. आयुष्यात इतकं नाजूक काम मी कधी केलं नव्हतं आणि ते कोणाला दिसतही नव्हतं, हे दुःख वेगळं.

"आता कशात ठेवणार?" सायलेन्सर काकांनी कुजबुजत विचारलं.

"डबीत. घट्ट झाकणाची काळी डबी आहे ना, तिच्यात."

"ही?"

डबी टेबलावर होती. बाहेर.

मूठ सोडली तर गुंडाळी सुटून आतल्या आत पसरणार. हात काढला तर बाही उघडी पडणार. चेन उघडली तर सगळंच संपलं. मी जाकिटाशी बांधला गेलो होतो, आणि जाकीट माझ्याशी.

"बाही पिरगाळून धरतो, तू हात काढ," काका म्हणाले. त्यांना उत्साहात टाळी वाजवायची सवय आहे. मी नकार दिला.

"अंधार पडेपर्यंत बस असाच," आई म्हणाली, आणि माझ्या तोंडात बिस्किट घातलं. उपाय वाईट नव्हता. पण बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक वाजेपर्यंत सभागृहाच्या परवान्यावर तुझी सही लागणार आहे."

समारंभ विभागाच्याच सभागृहात होता. पण कर्मचाऱ्यानं स्वतःच्या निरोपासाठी स्वतः अर्ज करू नये असा नियम आहे. चौतीस वर्षांत कोणी तसा केला होता का, आणि त्यातून काय अनर्थ झाला, हे नोंदलेलं नाही. म्हणून अर्ज माझ्या नावावर. सही गुरुवारी एकच्या आत, अर्जदारानं स्वतः, समक्ष. नाहीतर सभागृह नाही.

"नाही तर नाही," बाबा म्हणाले. "घरीच दोन माणसं बोलावू."

"एकशे चाळीस लोकांना सांगितलंय," आई म्हणाली. "ऊठ रे."

मी उठलो. जाकीट पोटासमोर, दोन्ही हात कोपरांच्या वरपर्यंत आत, आणि पाठीवरची अक्षरं आता माझ्या पोटावर, जगाकडे तोंड करून. कार्यालय चार चौक लांब. रिक्षानं जायचं तर आत चढताना धरायला हात हवा, म्हणून चालत निघालो. बाबा शेजारी. पहिल्याच चौकात एका बाईंनी अडवलं.

"बरं झालं भेटलात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही."

"मी विभागाचा नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "सगळे हेच म्हणतात."

बाबांनी सवयीनं खिशातून वही काढली आणि पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या चौकात दोन तक्रारी मिळाल्या, तिसऱ्यात एक गृहस्थ नुसतेच माझ्याकडे बघून म्हणाले, "हातसुद्धा बाहेर काढवत नाहीत यांना. पाणी कसलं देणार." या सगळ्यात माझं नाक खाजत होतं. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

दाराशी पहारेकऱ्यानं थांबवलं. "आत काय आहे?"

"माझे हात."

"आणि हातात?"

"बाबांची उडी."

पहारेकऱ्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांना तो सतरा वर्षं ओळखत होता, त्यामुळे फक्त सुस्कारा सोडून बाजूला झाला.

सभागृहाच्या खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी अर्ज पुढे सरकवला, पेन सरकवलं, आणि वाट पाहिली. मी परिस्थिती सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नियमांची वही उघडली.

"सही करता येत नसेल तर उजवा अंगठा."

"तोही आतच आहे."

"डावा?"

"सोबतीला."

"मग रकाना सात. अंगठा नसण्याचं कारण आणि डॉक्टरांचा दाखला."

"अंगठे आहेत. जाकिटात आहेत."

"तसं लिहून चालणार नाही. जाकीट हे कारण यादीत नाही." त्यांनी यादी माझ्याकडे वळवली. अपघात होता, भाजणं होतं, जन्मतः होतं. "साहेबांना विचारून येते. बाकावर बसा."

त्या गेल्या. आम्ही बाकावर बसलो. समोर सूचनाफलक होता आणि त्यावर बाबांच्याच समारंभाची सूचना टाचलेली होती: "दहा मीटरवाल्यांना निरोप". बाबांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चेन उघड."

"काय?"

"तुझे हात अडकलेत. मी उघडतो."

"बाबा, रोल जाईल."

"मी उडी मारली नव्हती."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की पहिल्यांदा मला वाटलं ते रस्त्यातल्या एखाद्या तक्रारीबद्दल बोलतायत.

"वर गेलो होतो," ते फलकाकडे बघत म्हणाले. "फळीच्या टोकापर्यंत गेलो. खाली पाहिलं. तुझी आई कपडे बदलायच्या खोलीकडे गेली होती. म्हटलं, आत्ताच उतरावं. उतरलो, शॉवरखाली उभा राहिलो, ओला होऊन बाहेर आलो. ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं. तेवढ्यात तुझा मामा पळत आला. म्हणाला, भावोजी, काय उडी मारलीत, नेमकं हवेत टिपलंय तुम्हाला. मला वाटलं टोमणा मारतोय. पण त्याचा चेहरा बघितला तर खराच आनंद. मी गप्प बसलो. मग तो सगळ्यांना सांगत सुटला."

"पण मग त्यानं टिपलं कोणाला?"

"एकवीस वर्षं तोच विचार करतोय मी," बाबा म्हणाले. "उतरताना टिपलं असणार. दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून. आणि ते आता एकशे चाळीस लोकांसमोर व्यासपीठामागे लागणार."

दिव्याची सवय, "कशाला उगीच", "नाही तर नाही" हे सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. मी तो इसम होतो ज्यानं स्वतःच्या वडिलांची अब्रू उजव्या मुठीत धरून चार चौक वाहून आणली होती, आणि वाटेत तिच्या नावानं पाण्याच्या तक्रारीही घेतल्या होत्या.

बाबांनी चेनेचा खटका धरला. मी अडवू शकत नव्हतो, हात नव्हते. खरं तर अडवायचं की नाही, हेही मला ठरवता येईना. खटका बोटभर खाली आला. आत दुमड होती म्हणून उजेड शिरला नाही.

"त्यात किती फोटो आहेत?" बाबांनी विचारलं.

"चोवीस."

"चोवीस." ते थांबले. "त्या दिवशी तुझ्या आईनं केस मोकळे सोडले होते. मामानं तिचा एखादा तरी काढला असेल."

त्यांनी चेन वर ओढून लावली. दोनदा तपासली.

तेवढ्यात बाई परत आल्या. साहेबांनी तोडगा काढला होता. अर्जदार समक्ष हजर आहे आणि त्याची इच्छा आहे, असं दोन कर्मचाऱ्यांनी साक्ष देऊन लिहायचं, आणि अर्जदारानं मान हलवायची. मी मान हलवली. बाईंनी रकाना सातमध्ये लिहिलं, "अर्जदाराचे हात शासकीय जाकिटात गुंतलेले असल्याने." शासकीय या शब्दानं सगळं नियमात बसलं.

कार्यालयासमोरच ओळखपत्राचे फोटो काढणारा एक स्टुडिओ आहे. तिथले म्हातारे स्टुडिओवाले माझ्याकडे बघून हसले नाहीत, हा त्या दिवसातला पहिला सन्मान. "काळा-पांढरा रोल? मी धुतो अजून. खोली आहे मागे, फक्त त्यात बायकोच्या बॅगा ठेवल्यात." बॅगा बाहेर आल्या, मी आत गेलो, दार लागलं, आणि ठार काळोखात ते म्हणाले, "सोडा आता."

मी हात बाहेर काढले. पहिल्यांदा नाक खाजवलं. त्याचा आनंद पुरता शमल्यावर मूठ उघडून रोल त्यांच्या हातात दिला.

"जुना आहे, आशा ठेवू नका," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी या."

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"आशा ठेवू नका म्हणाले."

"बरं," बाबा म्हणाले, आणि मनापासून ठेवायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी स्टुडिओत मी, आई, बाबा, सायलेन्सर काका, आणि कोणीही न बोलावता मामा-मामी, एवढे होतो. मामाचा रंग उडालेला होता. तो वाटेत दोनदा म्हणाला होता की जुन्या गोष्टी धुवायलाच कशाला हव्यात. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. तो बाबांकडे बघत नव्हता. दोघं मिळून भिंतीवरच्या एका अनोळखी बाळाचा फोटो बघत होते.

स्टुडिओवाल्यांनी सगळे चोवीस फोटो छोटे छोटे एकाच कागदावर काढून आणले आणि भिंग ठेवलं. "बरेच वाचलेत," ते म्हणाले.

पहिला फोटो तलावाच्या पाटीचा. दुसरा आईचा, केस मोकळे. तिसऱ्यापासून तेविसाव्यापर्यंत एकच मुलगी. पोहण्याची टोपी घातलेली, पायरीवर बसून पाव खाणारी. मुलगी हसतेय. मुलगी टॉवेल झटकतेय. मुलगी दुसरीकडे बघतेय. चोविसावा मामाच्या बोटाचा.

उडी नव्हती. हवेत कोणीही नव्हतं.

"माझं लक्षच तिकडे नव्हतं," मामा म्हणाला. त्याचा आवाज सायलेन्सर काकांइतका खाली गेला होता, पण खरोखरच खाली. "भावोजी, माफ करा. तुम्ही एवढी उडी मारलीत आणि मी बघितलीसुद्धा नाही. पाण्याचा आवाज आला, मला वाटलं तुम्हीच. एवढी मोठी गोष्ट, फोटो काढला नाही असं सांगायला तोंड होईना. म्हणून म्हटलं, टिपलंय."

बाबांनी हळूच खुर्ची ओढली आणि बसले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच पाठ टेकून बसले असावेत.

मामी मात्र अजून भिंगातून बघत होत्या. "कोण आहे ही?" त्यांनी विचारलं.

मामानं काकांच्या मागे जागा शोधली.

"टोपी माझ्या बहिणीची दिसतेय," मामी म्हणाल्या. आणखी वाकल्या. "पाव धरायची पद्धत तर माझीच. म्हणजे मीच की." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आपली ओळख वाचनालयात झाली म्हणता ना तुम्ही? दीड वर्षानंतर?"

"वाचनालयात मी मुद्दाम आलो होतो," मामा म्हणाला. "तू तिथे जातेस, हे शोधून काढायला दीड वर्ष लागलं."

"एकवीस फोटो," मामी म्हणाल्या. आणि त्यांनी मामाच्या कॉलरीवरचा नसलेला दोरा काढला. मामाच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला.

तेवढ्यात सायलेन्सर काकांनी सतराव्या फोटोवर बोट ठेवलं. "हे कोण?"

मुलीच्या खांद्यामागे, लांब, धूसर, मनोऱ्याची शिडी दिसत होती. शिडीच्या मध्यावर एक माणूस. चड्डी पट्ट्यापट्ट्यांची. बाबांची.

सगळे वाकले. भिंग एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं.

"चढतायत," मामा म्हणाला. जीव भांड्यात पडलेल्या माणसाचा आवाज होता तो. "बघा, निदान चढताना तरी आलेत."

"उतरतायत की हो," काका कुजबुजले. रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले. "उजवा पाय बघा. खाली चाललाय."

"वर चाललाय."

"मग डावा कुठे चाललाय?"

शेवटी स्टुडिओवाल्यांना विचारलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "फोटोत चढतही नाहीत आणि उतरतही नाहीत," ते म्हणाले. "शिडीवर आहेत, एवढं मी लिहून देतो."

भिंग आईकडे गेलं. बाबा जमिनीकडे बघत होते. आईनं एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, "चढतायत. काढा मोठा."

शनिवारी तो फोटो व्यासपीठामागे लागला. पाव खाणारी मुलगी कापून टाकली, तिच्या खांद्याचा तुकडा तेवढा राहिला. मोठा केल्यावर बाबा शिडीवर एखाद्या ढगासारखे दिसत होते. मुख्य अभियंत्यांनी उडीवर दहा मिनिटं भाषण केलं. ते स्वतः पंधरा मीटरच्या टाकीवर चढले होते, हेही त्यात आलं.

मग बाबा उठले. त्यांच्या हातात मी लिहून दिलेला कागद होता, आभारांचा. तो त्यांनी खिशात ठेवला. खुशीत होते. दोन दिवसांत त्यांची भूक वाढली होती, झोप वाढली होती, चालणंसुद्धा बदललं होतं.

"या फोटोत," बाबा म्हणाले, "मी उतरतोय. मी उडी मारलेली नाही. वर गेलो, भीती वाटली, उतरलो. चौतीस वर्षं तुमचं सगळं ऐकून घेतलं, आता माझं एवढं एक ऐका."

मागच्या रांगेतून कोणीतरी खो खो हसलं, आणि एकशे चाळीस लोकांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की ध्वनिक्षेपक शिट्टी मारायला लागला. मुख्य अभियंते डोळे पुसत म्हणाले की हा माणूस इतका विनोदी असेल असं तक्रार कक्षात कधी वाटलं नव्हतं. मामा उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि शेजारच्यांना सांगत होता, "बघा, एवढं करून वर नम्रपणा." बाबांनी दोनदा माइकवरून "खरंच" म्हटलं. दोन्ही वेळा हशा वाढला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न सोडला, हात जोडले आणि हसत हसत खाली आले. खरं बोलून झालं होतं. लोकांनी ते घेतलं नाही, तो लोकांचा प्रश्न.

आईनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती माझ्या शेजारी मांडीवर पर्स धरून बसली होती.

"बोलले एकदाचे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"कपडे बदलायच्या खोलीला कुलूप होतं. परत आले तर हे फळीच्या टोकाला, आणि मग शिडीवर. मी खाली टॉवेल घेऊन उभी होते, खांबाच्या मागे."

"मग एकवीस वर्षांत एकदाही बोलली का नाहीस?"

व्यासपीठावर बाबांच्या गळ्यात कोणीतरी हार घालत होतं आणि तो त्यांच्या चष्म्यात अडकला होता. आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"टोकापर्यंत गेले होते ना," ती म्हणाली. "मी तर तिसऱ्या पायरीवरून परत येतील असं धरलं होतं."